भिंतीवरचा काळा डाग आणि पाण्याचा माग

जुलै संपत आला की कपाटामागच्या भिंतीवर काळपट-हिरवे ठिपके दिसायला लागतात, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी भुकटी धरते आणि बेडरूममध्ये शिरलं की कुबट वास येतो. मुंबई-ठाण्यात, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांना यात नवल काही नाही. नवीन आहे तो अलीकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न: "ही ती विषारी काळी बुरशी तर नाही ना?" मोबाइलवर शोधलं की परदेशातले व्हिडिओ पुढ्यात येतात. नखशिखान्त पांढरे सूट घातलेली माणसं, प्लास्टिकने सीलबंद केलेल्या खोल्या. ते पाहून कुणी धास्तावतो, तर कुणी "आमच्याकडे दरवर्षीच येते" म्हणून गणपतीच्या आधी वरून रंगाचा हात मारून मोकळा होतो. यातलं एकही कामाचं नाही.

या भीतीचं मूळ ज्या बुरशीत आहे तिचं शास्त्रीय नाव स्टॅकिबोट्रिस चार्टारम. प्रागमधल्या एका घरात वॉलपेपरवर ती सापडली आणि कोर्डा या संशोधकाने १८३७ साली तिची नोंद केली. १९३०च्या दशकात युक्रेनमध्ये बुरसलेला चारा खाऊन घोडे मोठ्या संख्येने मेले, तेव्हा ती विष तयार करते हे लक्षात आलं. घराघरांत ती कुप्रसिद्ध झाली मात्र १९९३-९४ नंतर. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, त्यांच्या घरांत ही बुरशी आढळली आणि दोन्हींचा संबंध जोडला गेला. पुढे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, आपलाच अभ्यास पुन्हा तपासला आणि २००० साली जाहीर केलं की हा संबंध सिद्ध झालेला नाही. पहिली बातमी जगभर गेली. दुसरी फारशी कुणी वाचली नाही.

शिवाय ही बुरशी चोखंदळ आहे. तिला कागद, पुठ्ठा, लाकडाचा भुसा असं खाद्य लागतं आणि तेही बरेच दिवस सतत चिंब भिजलेलं. सिमेंटच्या गिलाव्यावर तिचं पोट भरत नाही. आपल्या भिंतींवर दिसतात ते काळे ठिपके बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, अॅस्परजिलस, पेनिसिलियम अशा सर्वत्र आढळणाऱ्या बुरशांचे असतात. त्या गिलाव्यावर साचलेली धूळ, रंगातले आणि डिंकातले सेंद्रिय पदार्थ यांवर जगतात. मात्र गेल्या काही वर्षांत आपली घरंही बदलली आहेत. कागदाचं अस्तर असलेल्या जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग, वॉलपेपर, भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डची कपाटं हे सगळं आलं आहे. असं सामान आठवडाभर गळतीखाली भिजत राहिलं, तर त्या चोखंदळ बुरशीचीही सोय होते.

ठिपक्यांच्या रंगावरून जात ओळखता येत नाही. हवेचे नमुने घेऊन तपासणारे लोक आता मोठ्या शहरांत मिळतात, पण बहुतेक घरांना तो खर्च करण्याची गरज नसते. हवेत किती बीजाणू (ज्यांतून नवी बुरशी रुजते ते बारीक कण) असले म्हणजे धोका, असा सर्वमान्य आकडा कुणी ठरवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही असा आकडा दिला नाही. घरात ओल राहू देऊ नका, हाच त्यांचा सांगावा होता. तपासणीत कुठलीही बुरशी निघाली तरी पुढचं काम तेच असतं: पाणी थांबवा, बुरशी काढा.

विषाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. बुरशीचं विष माणसं मारतं याचा पुरावा आपल्या देशातच आहे, पण तो भिंतीवर नाही, ताटात आहे. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा, पंचमहाल भागात बुरसलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं यकृत निकामी होऊन दगावली. अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन त्याला कारणीभूत होतं. तेव्हा भिंतीवरच्या ठिपक्याने झोप उडते आणि डब्यातले बुरसट शेंगदाणे मात्र "भाजले की चालतात" म्हणून कुटात जातात, हे उलटं आहे. भाजल्याने ते विष पूर्ण जात नाही.

मग भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी का? नाही. तिचा त्रास विषबाधेचा कमी आणि अॅलर्जीचा, दम्याचा जास्त. बुरशीचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि श्वासाबरोबर आत जातात. सतत शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांना खाज, रात्रीचा खोकला, छातीतली घरघर या तक्रारी ओलसर घरांत जास्त आढळतात हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. एक खूण ध्यानात ठेवा: घराबाहेर चार दिवस राहिलं की बरं वाटतं आणि परत आल्यावर त्रास पुन्हा सुरू होतो, असं असेल तर घराकडे संशयाने पाहा. घरात तान्हं बाळ, दमेकरी, म्हातारं माणूस, किमोथेरपी घेणारा किंवा अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण असेल, तर "दरवर्षीच होतं" हे वाक्य बाजूला ठेवा. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये श्वसनाच्या त्रासाने गेला. भाड्याच्या घरातली बुरशी हेच त्याच्या मृत्यूचं कारण असल्याचं २०२२ मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने नोंदवलं. घराच्या मालक संस्थेकडे कुटुंबाने आधीच तक्रारी केल्या होत्या. त्याच्या नावाचा कायदा तिथे ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला असून सामाजिक गृहनिर्माण संस्थांना, म्हणजे कमी भाड्यात घरं देणाऱ्या संस्थांना, ओल आणि बुरशीच्या तक्रारींवर ठरलेल्या मुदतीत हालचाल करावी लागते.

आपल्याकडे आणखी दोन आजार यात गुंतलेले आहेत. दम्याच्या काही रुग्णांमध्ये अॅस्परजिलसची अॅलर्जी थेट श्वासनलिकांत मुरते. डॉक्टर त्याला एबीपीए म्हणतात. छातीच्या एक्स-रेत दिसणारे डाग क्षयासारखे असल्याने कित्येकांना आधी टीबीची औषधं दिली जातात. दमा आहे, थुंकीतून तपकिरी गुठळ्या पडतात आणि टीबीची औषधं घेऊनही फरक नाही, अशा वेळी छातीच्या तज्ज्ञाकडून याची तपासणी करून घ्यावी. दुसरा आजार कूलरचा. विदर्भ-मराठवाड्यात भिंतींना ओल नसेलही, पण उन्हाळ्यात कूलरच्या गवती पॅडवर महिनोन्‌महिने पाणी टिपटिपत असतं आणि त्यावर वाढलेली बुरशी पंखा थेट तोंडावर फेकतो. त्याने होणाऱ्या फुप्फुसाच्या सुजेला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. फुप्फुसं घट्ट होत जाण्याच्या आजारांची देशभरातली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. हजाराहून जास्त रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना हा आजार निघाला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी कूलर होता. तेव्हा पॅड दर मोसमाला नवं घाला, टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, आणि मोसम संपला की कूलर वाळवूनच माळ्यावर टाका.

२०२१च्या मे महिन्यात कोविडपाठोपाठ आलेली काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस, हा अगदी वेगळा प्रकार आहे. तिचा भिंतीवरच्या ठिपक्यांशी संबंध नाही. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा यांमुळे प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांना ती गाठत होती.

आधी ती बुरशीच आहे का, ते बघा

भिंतीवर पांढरं, खारट, बोट लावताच झडणारं काही असेल तर तो बहुधा लोणा असतो. विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळतात. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. लोणा स्वतः आरोग्याला बाधत नाही, पण भिंतीत पाणी फिरतंय याची ती पावती असते. देवघराच्या वर दिसणारा काळेपणा निरांजन-उदबत्तीच्या काजळीचा असू शकतो. पातळ ब्लीचचा एक थेंब लावा. मिनिट-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर काजळी किंवा मळ.

दिसत नाही पण वास येतो, असंही खूप घडतं. अशा वेळी बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची मागची फळी, बेडच्या पोटातली पेटी, सिंकखालचं कपाट, पडद्यामागचा कोपरा, गादीची खालची बाजू, फॉल्स सीलिंगमधली दिव्याची भोकं, एसीचा ट्रे इथे टॉर्च मारून बघा. रंग फुगून पोपडे धरलेले असतील तर पोपड्याच्या आतली बाजूही पाहावी. बाहेरून स्वच्छ दिसणारा फुगवटा आतून काळा निघतो.

पाणी कुठून येतंय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि बहुतेक लोक तो विचारायच्या आधीच रंगाऱ्याला फोन करतात. बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात, ते घराबाहेर काढणं कुणाला जमलेलं नाही. त्यांना रुजायला ओल लागते, आणि भिजलेल्या वस्तूवर ती २४ ते ४८ तासांत रुजू शकते. म्हणून पाण्याचा माग काढा.

वेळापत्रक बरंच काही सांगतं. ओल फक्त पावसाळ्यात, त्यातही वाऱ्याच्या दिशेच्या भिंतीवर येत असेल तर बाहेरच्या गिलाव्याला भेगा आहेत किंवा खिडकीवरचा छज्जा पाणी आत ढकलतो आहे. बारा महिने एकाच जागी गोल डाग राहत असेल तर भिंतीत गाडलेली पाइपलाइन तपासा. रात्री घरातले सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी तो पुढे गेला असेल तर गळती आहे. छतावरचा डाग सकाळच्या आंघोळी आटोपल्यावर गडद होतो का? मग वरच्या घराच्या बाथरूममधली नहाणी ट्रॅप (फरशीतून पाणी जाण्याची जागा) किंवा फरशीचे सांधे. त्यांच्या परवानगीने नहाणीचं तोंड बंद करून रंगीत पाणी तुंबवलं की खाली रंग उतरतो आणि वाद मिटतो. तळमजल्यावर, जुन्या वाड्यांत, जांभ्याच्या घरांत जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सरळ रेषेत चढलेली ओल पायातून येते. तिच्यावर रंगाचा काही इलाज नाही, पाया आणि घराभोवतालच्या पाण्याचा निचरा पाहावा लागतो. कोकणात पावसाळ्याआधी भिंतींना झापांच्या, म्हणजे विणलेल्या माडाच्या झावळ्यांच्या, झडी बांधायचे आणि पडव्या लांबवर पुढे काढायचे. आता सपाट स्लॅबची, छज्जा नसलेली घरं बांधून वर वॉटरप्रूफ रंगाची हमी घेतात.

याशिवाय एक ओल अशी असते की पाणी कुठूनच झिरपत नाही, ते खोलीतल्या हवेतूनच भिंतीवर बसतं. ती ओळखायला हातभर अॅल्युमिनियमची फॉइल भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ते हवेतलं आहे, भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ते भिंतीतून येतंय.

हवेतल्या ओलीचं गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण इथेच बाहेरचे सल्ले आपल्याला तोंडघशी पाडतात. मुंबईत ऑगस्टमध्ये ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. २२ अंशांची हवा मात्र साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपासच वाफ धरू शकते. रात्रभर एसी लावून भिंती २२ अंशांपर्यंत गार केल्या आणि सकाळी "जरा हवा खेळू दे" म्हणून खिडक्या सताड उघडल्या, तर ती जास्तीची वाफ गार भिंतीवर, आरशावर, कपाटाच्या दारावर दवासारखी बसते. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा मावते. ती एकदा पूर्ण बदलली तर पेलाभर पाणी बसायला तयार असतं. रोज सकाळी असं झालं की कपाटामागे, जिथे वारा पोहोचत नाही, तिथे बुरशीचं फावतं.

म्हणून पावसाळ्यात एसी २५-२६ वर ठेवा, चालू असताना खिडक्या बंद ठेवा. बंद केल्यावर आधी पंखा फिरू द्या आणि खोली बाहेरच्या इतकी उबदार झाल्यावरच खिडकी उघडा. खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेतला तर तो झटकन गार करून थांबतो आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. आपल्या एसीला ड्राय मोड असेल तर तो याच दिवसांसाठी आहे. आर्द्रतामापक काही शेकड्यांत मिळतो. घरातला आकडा ६०च्या खाली राहिला तर उत्तम. कोकणपट्टीत जुलैमध्ये ते यंत्राशिवाय जमत नाही. निदान बंद खोलीतल्या कपड्यांच्या कपाटासाठी तरी डीह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेतलं पाणी काढून घेणाऱ्या यंत्राचा, विचार करावा.

लंडनला किंवा टोरँटोला राहणाऱ्या मराठी घरांत हेच गणित उलटं चालतं. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा गार आणि पाण्याने गरीब असते. पाच अंशांची हवा आत घेऊन वीस अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता पस्तीस टक्क्यांवर येते. तिथे आंघोळीनंतर, कुकरच्या शिट्ट्यांनंतर दहा मिनिटं खिडकी उघडणं हाच योग्य उपाय. घरातल्या रेडिएटरवर धुणं वाळत घालणं मात्र कटाक्षाने टाळावं. मशीनभर ओल्या कपड्यांतून दोनेक लिटर पाणी घरच्या हवेत मिसळतं. आपल्याकडेही पावसात बेडरूममध्ये दोऱ्या बांधल्या जातातच. निदान ज्या खोलीत एक्झॉस्ट पंखा आहे तिथे तरी बांधा.

साफ कसं करायचं?

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढता येतो. त्याहून मोठा पसारा, सांडपाण्याची ओल किंवा घरात दमेकरी असेल तर जाणकाराला बोलवा आणि त्या दिवशी रुग्णाला दुसरीकडे पाठवा. स्वतः करणार असाल तर एन ९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवा. कापडी रुमाल पुरत नाही. खोलीचं दार बंद, पंखा बंद, खिडकी उघडी.

कोरड्या बुरशीला झाडू किंवा ब्रश लावू नये, सॅंडपेपर तर मुळीच नाही. एका फटक्यात लाखो बीजाणू घरभर होतात. रंगारी सरळ पत्र्याने खरवडायला घेतात, त्यांना आधी भिंत ओली करायला लावा. साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या, जागा पूर्ण वाळवा. टाइल, काच, स्टील अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर हवं तर ब्लीच वापरा, एक लिटर पाण्याला जास्तीत जास्त ६० मिली. गिलाव्यावर किंवा लाकडावर ब्लीचने वरचा रंग जातो, आतले तंतू राहतात, आणि भिंत स्वच्छ झाल्याचा नुसता भास होतो. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. अॅसिडशी ब्लीच मिळालं की क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. बुरशीपेक्षा हा अपघात मला जास्त भीतीदायक वाटतो.

भिजलेला जिप्सम बोर्ड, पुठ्ठ्याची खोकी, फुगलेलं पार्टिकल बोर्ड, आतपर्यंत बुरसलेली कापसाची गादी यांचा मोह सोडावा. मेलेली बुरशीसुद्धा अॅलर्जी देते, त्यामुळे फवारणी करून ठेवून देण्यात अर्थ नाही. सागवानी किंवा घट्ट लाकडाचं फर्निचर पुसून, उन्हात तापवून वाचतं. कपडे गरम पाण्यात धुवा. कपाटात डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवणं ही कसरीसाठीची तजवीज, बुरशीला त्याचं काही वाटत नाही. उलट डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी तान्ह्या बाळाला गुंडाळणं धोक्याचं आहे. काही बाळांमध्ये जन्मजात एका एन्झाइमची कमतरता असते आणि नॅफ्थलिनने त्यांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं आणि कोंबून न भरणं, याचा उपयोग गोळ्यांपेक्षा जास्त होतो.

बुरशीरोधक रंग वाईट नाही, पण त्याची पाळी शेवटी येते. ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग चढवला तर पाणी आत कोंडतं आणि पुढच्या श्रावणात पोपड्यांसकट बाहेर येतं. फॉइलची चाचणी पुन्हा करा. दोन दिवसांनी भिंतीकडची बाजू कोरडी निघाली तरच ब्रश हातात घ्या.

खर्च कुणी करायचा, यावरून सोसायट्यांत वर्षानुवर्षं अबोला असतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून येणारी पावसाची आणि सांडपाण्याची गळती दुरुस्त करणं ही संस्थेची जबाबदारी, आणि एखाद्या सभासदाच्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाची. तेव्हा आधी माग काढा, तारखेसकट फोटो ठेवा आणि सचिवांना लेखी पत्र देऊन पोच घ्या. पत्र पावसात द्या, म्हणजे समितीला येऊन ओल डोळ्यांनी पाहता येईल. काम मात्र दिवाळीनंतर भिंत सुकल्यावर सुरू होऊन मे अखेर संपलेलं बरं. जूनच्या पहिल्या सरीनंतर वॉटरप्रूफिंगवाले मिळतात ते दुप्पट दराने, आणि ओल्या गिलाव्यावर त्यांचं रसायन नीट धरतही नाही.